खरी गाडी, खेळता येणारी शर्यत: मित्रमंडळींसाठी असेटो कोर्साचा सर्व्हर कसा लावावा

कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन स्टुडिओचा असेटो कोर्सा हा मोटार शर्यतीचा कॉम्प्युटर गेम डिसेंबर २०१४ मध्ये पूर्ण रूपात आला. त्याच स्टुडिओचे नवे गेम नंतर आले, पण दहा-बारा जणांना जमवून ऑनलाइन शर्यती लावायच्या तर आजही हाच सोयीचा पडतो. जुन्या ग्राफिक्स कार्डावर चालतो, सेलमध्ये स्वस्त मिळतो आणि टायरचं गणित मन लावून केलेलं आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना जोडून शर्यत चालवणारा कॉम्प्युटर, तुमच्या हातात असतो. किती झिजायचं, किती मोडायचं, गाडी आवरायला कोणाला कुठली मदत मिळायची, हे आकडे तुम्ही भरता.

नवे आयोजक चुकतात ते हे आकडे भरतानाच. एक जण "सगळं खरंखुरं" म्हणून नुकसान शंभर टक्के ठेवतो आणि सगळ्या मदती बंद करतो. पहिल्या वळणात निम्म्या गाड्या मोडतात, पुढच्या रविवारी तेवढे लोक येतच नाहीत. दुसरा घाबरून सगळं सैल सोडतो. मग मंडळी ब्रेक न मारता पुढच्याच्या गाडीला टेकून वळायला लागतात, आणि नीट चालवणाराच कंटाळून निघून जातो.

म्हणून प्रत्येक सेटिंग लावण्याआधी एक प्रश्न विचारावा: हा खरेपणा ड्रायव्हरला काही ठरवायला लावतो, की नुसती शिक्षा देतो? टायरची झीज, पेट्रोलचं वजन, लॅपगणिक, म्हणजे ट्रॅकच्या दर फेरीगणिक, वाढणारी पकड यांच्यामुळे ड्रायव्हरला विचार करावा लागतो. ते शक्य तितकं खरं ठेवा. दुसऱ्याच्या वायफायने दगा दिला म्हणून आपलं सस्पेन्शन मोडणं ही नुसती शिक्षा आहे. तिथे हात सैल सोडायला हरकत नाही.

आधी नेट, मग बाकीचं

ताशी १८० किमी वेगाने गाडी सेकंदाला ५० मीटर जाते. १०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ५ मीटर, एका गाडीच्या लांबीहून जास्त. शिवाय सर्व्हर गाड्यांची जागा सतत कळवत नाही. मूळ सेटिंगमध्ये तो सेकंदाला १८ वेळा कळवतो, म्हणजे दोन निरोपांच्या मध्ये गाडी पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते. मधली जागा गेम अंदाजाने भरतो. तुमच्या शेजारी दिसणारी गाडी हा तो अंदाज असतो, आणि समोरच्याच्या स्क्रीनवरची तुमची गाडीही तशीच. त्यामुळे एकाला धक्का बसतो आणि दुसरा शपथेवर सांगतो की मध्ये हातभर जागा होती. दोघंही खरं बोलत असतात.

यावर तीन उपाय करता येतात. पहिला, क्लायंट सेंड इंटरव्हल (सेकंदाला किती निरोप, तो आकडा) १८ वरून २५ ते ३० करा. पंधरापर्यंत गाड्या असतील तर साधारण ब्रॉडबँडला हे पेलतं. दुसरा, सगळ्यांना लॅन केबल लावायला सांगा. पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) १५० असूनही स्थिर असेल तर अंदाज बरा जमतो. पिंग ४० आणि १६० मध्ये उड्या मारत असेल तर गाडी स्क्रीनवर इकडून तिकडे उडते आणि तिच्या जवळ जायची कोणाची हिंमत होत नाही. तिसरा, सर्व्हर कुठे ठेवायचा ते नकाशा बघून ठरवा. सगळे पुणे, नाशिक, पणजी, दुबई अशा पट्ट्यात असतील तर मुंबईतला भाड्याचा सर्व्हर उत्तम. अर्धी मंडळी न्यू जर्सीत असतील तर मुंबईतल्या सर्व्हरवर त्यांचा पिंग दोनशेच्या वर जातो. अशा वेळी फ्रँकफर्ट किंवा लंडनचा सर्व्हर घ्या. दोन्हीकडच्यांना मध्यम पिंग मिळतो आणि कोणा एकावरच अन्याय होत नाही.

घरच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवायचा बेत असेल तर आधी एक गोष्ट तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड कनेक्शनला स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात. राउटरमध्ये ९६०० हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी आणि ८०८१ हा एचटीटीपीसाठी उघडूनही सर्व्हर बाहेर दिसत नसेल, तर कारण बहुतेक हेच असतं. स्थिर आयपी विकत घ्या किंवा महिन्याच्या भाड्याचा छोटा सर्व्हर घ्या. वीज जात असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावायचं विसरू नका. कॉम्प्युटरला बॅकअप असतो, राउटरला नसतो, आणि शर्यत तिथेच तुटते.

गाडी निवडताना

सगळ्यांचं लक्ष आधी जीटी३ गाड्यांकडे, म्हणजे स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांकडे, जातं. जीटी३ मध्ये एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (गॅस दिल्यावर चाक जागीच फिरू न देणारी) मूळचंच असल्याने त्या चालवायला तशा सोप्या, पण वेग जास्त, त्यामुळे नेटच्या चुका मोठ्या होतात. पहिल्या काही शर्यतींसाठी अबार्थ ५०० असेटो कोर्से किंवा माझदा एमएक्स-५ कपसारखी कमी ताकदीची गाडी घ्या. वेग कमी असल्याने धक्के हलके बसतात, हवेच्या दाबावर गाडी फारशी अवलंबून नसते, म्हणून पुढच्याच्या मागे चिकटून चालता येतं. तातुस एफए०१ ही उघड्या चाकांची गाडी दिसायला मोहक आहे, पण अशा गाड्या एकमेकींच्या चाकाला चाक लागलं की उडतात. कंपू मुरल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

गाडी योग्य आहे का, याची चाचणी सोपी आहे. सर्वांना सरावात सलग पाच लॅप ट्रॅकबाहेर न जाता काढायला सांगा. निम्म्याहून जास्त लोकांना ते जमलं नाही तर गाडी एक पायरी खाली आणा. सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ ड्रायव्हरमधलं अंतरही बघा. फॉर्म्युला वनमध्ये पात्रतेसाठी १०७ टक्क्यांचा नियम आहे. तो इथेही उपयोगी पडतो: जलद लॅप १०० सेकंदांचा असेल तर १०७ सेकंदांपलीकडच्या ड्रायव्हरला आणखी सराव हवा, किंवा सगळ्या कंपूलाच संथ गाडी हवी.

मदती: कुठल्या द्यायच्या

एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल या दोन्हींना सर्व्हरमध्ये तीन किंमती असतात. शून्य म्हणजे कोणालाच नाही, एक म्हणजे मूळ गाडीत असेल तरच, दोन म्हणजे सर्वांना. दोन्ही एकवर ठेवा. इथे खरेपणा आणि सोय यांचं भांडणच नाही. ज्यांना मदत हवी त्यांच्यासाठी एबीएस असलेली गाडी निवडायची, गाडीचा स्वभाव बदलायचा नाही.

स्टॅबिलिटी कंट्रोल शून्यावर ठेवा, याबाबत तडजोड नको. हे सेटिंग गाडीला न दिसणारा हात लावून सरळ करतं. त्याच्यावर शिकलेल्या माणसाला गाडी घसरायला लागल्याचं कळतच नाही, आणि ज्या दिवशी ते बंद होईल त्या दिवशी त्याला पहिल्यापासून शिकावं लागतं.

ऑटो क्लच चालू ठेवा. गेमसाठीच्या स्वस्तातल्या अनेक स्टीअरिंग व्हीलबरोबर दोनच पेडल येतात, आणि गेमपॅडवर क्लच दाबायला बोट उरत नाही. खऱ्या शर्यतीच्या गाड्यांतही पॅडल गिअर (स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलायचे) असले की क्लच बहुधा सुटतानाच लागतो, त्यामुळे यात काही गमावत नाही.

टायर ब्लँकेट्स, म्हणजे सुटण्याआधी टायर तापवून देण्याची सोय, चालू ठेवा. काही खऱ्या मालिकांत टायर आधी तापवायला बंदी असते आणि थंड टायरवरचा पहिला लॅप हे तिथलं मोठं कौशल्य मानलं जातं. पण ऑनलाइन शर्यतीत पहिल्या वळणावर गर्दी, नेटचा अंदाज आणि थंड टायर हे तिन्ही एकत्र आले की अपघात ठरलेलाच. चार-पाच शर्यती शांतपणे पार पडल्या की बंद करून बघा.

ट्रॅकबाहेर किती चाकं चालतील, हा आकडा मूळ सेटिंगमध्ये २ असतो. तो ३ करा, म्हणजे चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर गेली तरच लॅप बाद धरला जातो. खऱ्या शर्यतींतलाही नियम साधारण असाच आहे, आणि कर्बवरून, म्हणजे वळणाकाठच्या रंगीत पट्टीवरून, जाणाऱ्याला विनाकारण दंड होत नाही. सुरुवातीचा नियम मात्र शून्यावर, म्हणजे दिवे विझेपर्यंत गाडी जागेवरच अडकलेली. लवकर सुटल्याबद्दल पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी) पाठवण्याचा पर्याय खरा आहे, पण कोणाचं नेट क्षणभर अडखळलं की निरपराध माणूस त्यात सापडतो.

नुकसानाचा आकडा

सगळ्यात जास्त वाद याच आकड्यावर होतात. डॅमेज मल्टिप्लायर (नुकसानाची टक्केवारी) १०० ठेवला तर ताशी ६०-७० किमीची धडकही शर्यत संपवू शकते. शून्य ठेवला तर दुसऱ्याची गाडी म्हणजे रबरी भिंत होते. ३० ते ५० या पट्ट्यात सुरुवात करा. या आकड्यांवर चाकाला चाक घासलं तर चालतं, पण जोरात आदळल्यावर गाडी एका बाजूला ओढू लागते आणि पिटमध्ये दुरुस्तीला वेळ जातो. नवख्यांसाठी ३० पासून सुरू करून दर दोन शर्यतींनी १० ने वाढवत न्या.

पण नुसत्या आकड्याने शिस्त येत नाही, कारण मागून धडकणाऱ्याचं आणि धडक खाणाऱ्याचं नुकसान जवळपास सारखंच होतं. गाडीला न्याय कळत नाही, तो माणसांनी करावा लागतो. प्रत्येकाने रिप्ले जपून ठेवावा. तक्रार शर्यतीनंतर २४ तासांत, लॅप क्रमांक आणि वळणाचं नाव देऊनच घ्यावी. त्या शर्यतीत न धावलेल्या दोघांनी दोन्ही बाजूंचे रिप्ले पाहावेत. दोन्ही रिप्लेंत धडक वेगवेगळी दिसत असेल तर ती नेटची समजून सोडून द्यावी. एकाची चूक स्पष्ट असेल तर निकालात ५ किंवा १० सेकंद वाढवावेत. जागेचा नियम आधीच लिहून ठेवा: वळायला सुरुवात होताना आतल्या गाडीचं पुढचं चाक निदान बाहेरच्या गाडीच्या ड्रायव्हरपर्यंत पोचलेलं असेल, तर तिला वळणभर एका गाडीची रुंदी मिळाली पाहिजे. शर्यत सुरू असताना चॅटमध्ये भांडणाऱ्याची तक्रार आपोआप बाद, हा नियमही लावून टाका. त्याचा उपयोग फार होतो.

पेट्रोल, टायर आणि ट्रॅक

खरी जीटी शर्यत तासभर किंवा त्याहून जास्त चालते. आपल्याला रात्री जेवणं आटोपल्यावर पंचवीस मिनिटं मिळतात. एवढ्या वेळात मूळ झिजेने टायर फारसे थकत नाहीत आणि पेट्रोलचं वजन जाणवण्याइतकं बदलत नाही. इथे आकडा खऱ्यापेक्षा वाढवल्यानेच शर्यत खऱ्याच्या जवळ जाते. फ्युएल रेट (पेट्रोल जळण्याचा दर) आणि टायर वेअर (झिजेचा दर) दोन्ही २०० टक्के, म्हणजे मूळच्या दुप्पट, करा.

हिशोब असा. समजा इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर तुमच्या गाडीला लॅपला १ मिनिट ५० सेकंद लागतात आणि सरावात लॅपमागे २.९ लिटर पेट्रोल जळताना दिसलं. पंचवीस मिनिटांत १४ लॅप होतील. मूळ दराने १४ गुणिले २.९ म्हणजे ४०.६ लिटर, वर एका लॅपचं राखीव, असे ४४ लिटर पुरतात. दर २०० केला की हाच आकडा ८७ लिटर होतो. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे सुरुवातीला ६५ किलो ओझं. मध्ये पिटस्टॉप सक्तीचा केला तर ४५ लिटर भरून सुटता येतं आणि ओझं ३४ किलोंवर येतं. त्या ३१ किलोंच्या फरकावर डावपेच उभे राहतात: हलकं सुटून पुढे जायचं आणि लवकर थांबायचं, की भरून सुटून शेवटी मोकळ्या ट्रॅकवर पळायचं. पिट विंडो (हा थांबा घेण्यासाठीचा वेळ) शर्यतीच्या मधल्या तिसऱ्या भागात ठेवा, म्हणजे कोणी पहिल्याच लॅपला थांबून नियम उरकून टाकणार नाही.

टायरची झीज ३०० च्या पलीकडे नेऊ नका. हा आकडा फक्त झीज वाढवतो, टायर तापण्याचा वेग तोच राहतो. त्यामुळे दोघांचा मेळ सुटतो आणि सगळे सगळ्यात कडक टायरच लावू लागतात. मग निवड उरतच नाही.

ट्रॅकच्या पकडीसाठी सुरुवात ९६ ते ९८ टक्क्यांवर ठेवा. लॅप गेन म्हणजे सगळ्यांचे मिळून किती लॅप झाले की पकड एक टक्का वाढते तो आकडा. १२ जण १२-१२ लॅप धावले की १४४ होतात. म्हणून १३० च्या आसपास ठेवला तर शर्यतीत एखादा टक्का वाढ मिळते आणि शेवटचे लॅप खरोखर जलद होतात. सराव आणि पात्रता फेरीत वाढलेली पकड पुढच्या सत्रात किती टक्के जाईल, तो आकडा ८० ठेवला की बरं. धुळकट ट्रॅकचा ८६ हा आकडा गंमत म्हणून एखाद्या शर्यतीला ठीक, मालिकेला नको.

प्रत्येकाच्या टेबलावरचं

सर्व्हर बरोबर असूनही अपघात होत राहिले तर कारण अनेकदा स्क्रीनवर दिसणाऱ्या दृश्याचा कोन असतो. गणिताप्रमाणे स्क्रीन ही काचेची खिडकी मानली तर २७ इंची मॉनिटरची उंची साधारण ३३.६ सेंमी, डोळ्यापासून अंतर ७० सेंमी, म्हणजे उभा कोन २७ अंश येतो. असेटो कोर्सात हाच उभा कोन भरायचा असतो. २७ वर वेगाचा आणि ब्रेकच्या अंतराचा अंदाज अचूक येतो, पण शेजारची गाडी अजिबात दिसत नाही. एकट्याने लॅप काढताना २७ ते ३० ठेवा, गर्दीच्या शर्यतीत ३८ ते ४५. व्हर्च्युअल आरसा सर्व्हरवरूनच सक्तीचा करा. हेलिकोर्सा हे जवळच्या गाड्या दाखवणारं छोटं अ‍ॅप आणि कानात "डावीकडे गाडी" सांगणारा क्रू चीफ, दोन्ही फुकट मिळतात. खऱ्या ड्रायव्हरला मान वळवता येते, शिवाय कानात स्पॉटर, म्हणजे आजूबाजूच्या गाड्या सांगणारा सहकारी, असतो. एका स्क्रीनसमोर बसलेल्याला ती साधनं देण्यात फसवणूक कसली?

व्हीलवाल्यांनी व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि गेममध्ये फिरण्याचे अंश सारखे भरावेत. लॉजिटेक जी२९ आणि जी९२३ साठी ९०० अंश. मग गेममधलं पेडल्स नावाचं अ‍ॅप उघडून व्हील हाताला देत असलेल्या बलाची पट्टी पाहा. वेगवान वळणात ती लाल होऊन तिथेच राहत असेल तर व्हीलची ताकद संपली आहे, आणि टायर सुटण्याची सूचना हाताला मिळत नाही. ती फक्त क्षणभर लाल व्हावी इतकं गेन, म्हणजे बलाची पातळी, खाली आणा. चालू गाडीचं गेन न्यूमपॅडच्या अधिक-उणे बटणांनी बदलता येतं. जी२९ सारख्या गिअरच्या व्हीलला मधोमध मेलेला भाग असतो. मिनिमम फोर्स ८ ते १२ टक्के दिला की तो भरून निघतो. डायरेक्ट ड्राइव्ह व्हीलला (मोटर थेट दांड्याला जोडलेल्या) हा आकडा शून्य.

गेमपॅडवाल्यांना वेगळं वागवू नका, पण त्यांना सेटिंग लावून द्या. डेडझोन (काडी मधोमध हलूनही चाक वळत नाही तो भाग) ५ ते ८ टक्के ठेवा. गॅमा २ च्या आसपास, म्हणजे काडी थोडी हलवली तर चाक कमी वळेल. स्पीड सेन्सिटिव्हिटी अशी वाढवा की सरळ रस्त्यावर गाडी नागमोडी जाणार नाही. कंटेंट मॅनेजर आणि कस्टम शेडर्स पॅच ही बाहेरची जोड-सॉफ्टवेअर घातली तर गेमपॅडसाठी वेगळी स्टीअरिंग मदतही मिळते. ती सर्वांना खुली ठेवायची की नाही, हे मालिकेआधी ठरवा, मध्येच नव्हे.

तेच तेच जिंकत असतील तर

मारिओ कार्टमध्ये मागे राहिलेल्याला जास्त ताकदीची हत्यारं मिळतात. सिम्युलेटरच्या चाहत्यांना ते ऐकूनच राग येतो. पण खऱ्या शर्यतींतही बरोबरी साधण्याचे मार्ग आहेतच. जपानच्या सुपर जीटीत यशाबरोबर गाडीत वजन चढतं. फॉर्म्युला २ च्या स्प्रिंट शर्यतीत पात्रता फेरीतले पहिले दहा उलट्या क्रमाने उभे राहतात. हे दोन्ही मार्ग असेटो कोर्सात उपलब्ध आहेत, आणि दोन्हींनी गाडीचं भौतिकशास्त्र खोटं होत नाही.

सर्व्हरवरच्या एंट्री लिस्ट या ड्रायव्हरांच्या यादीच्या फाइलमध्ये प्रत्येकापुढे बॅलास्ट (जादा वजन) आणि रिस्ट्रिक्टर असे दोन आकडे असतात. पहिल्याला २० किलो, दुसऱ्याला १५, तिसऱ्याला १० असं सुरू करा आणि पुढच्या शर्यतीत मिळालेल्या क्रमांकाप्रमाणे बदला. बॅलास्टची कमाल मर्यादा सर्व्हरच्या फाइलमध्ये आधी वाढवून ठेवा, ६० किलो पुरे. वजनाने ब्रेकचं अंतर आणि टायरची झीजही वाढते, म्हणून जिंकणाऱ्यालाही नवा प्रश्न सोडवायला मिळतो. रिस्ट्रिक्टर नुसती इंजिनाची ताकद कापतो. सरळ रस्त्यावर सगळे बाजूने निघून जातात आणि ते बघत बसण्याखेरीज काही करता येत नाही, त्यामुळे तो शक्यतो वापरू नका.

उलट्या क्रमासाठी एकाच संध्याकाळी दोन शर्यती लावा, १५-१५ मिनिटांच्या. दुसऱ्या शर्यतीत पहिले सहा उलटे. सगळा ग्रिड, म्हणजे सुटण्याच्या रांगा, उलटा करू नका. जलद गाड्या पहिल्या वळणात संथ गाड्यांच्या गठ्ठ्यात घुसतात आणि पुन्हा नुकसानाच्या आकड्यावर भांडण सुरू होतं.

सेटअपच्या, म्हणजे गाडीच्या जुळणीच्या, बाबतीत पहिल्या तीन शर्यतींना सगळ्यांना एकच ठरलेला सेटअप द्या. एंट्री लिस्टमध्ये तशी सोय आहे. स्प्रिंग आणि डॅम्परच्या आकड्यांत तासन्‌तास घालवणं काहींना आवडतं, पण नोकरी करून रविवारी येणाऱ्याला त्यामुळे अर्धा सेकंद मागे पडावं लागलं तर तो येणं सोडतो. चौथ्या शर्यतीपासून खुला करा आणि जिंकणाऱ्याने आपला सेटअप सर्वांना द्यायचा, असा नियम ठेवा.

मालिका अर्ध्यावर असताना नवा माणूस आला तर त्याला लगेच ग्रिडवर उभं करू नका. त्याच ट्रॅकवर सरावात सलग पाच स्वच्छ लॅप, एक लॅप दुसऱ्या गाडीच्या मागे वीस मीटरांवर राहून, आणि निळा झेंडा (मागची जलद गाडी एका लॅपने पुढे जातेय, तिला वाट द्या) दिसल्यावर रेषा न सोडता फक्त गॅस उचलून वाट देणं, एवढं करून दाखवायला सांगा. पहिल्या शर्यतीत तो शेवटच्या जागेवरून सुटेल आणि बॅलास्ट शून्य राहील. त्या शर्यतीपुरता नुकसानाचा आकडा सगळ्यांसाठीच १० ने खाली आणा आणि पुढच्या वेळी परत वर न्या.